मत फुटले, पण कुणाचे? राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि व्हीपची हद्द

जुलै २०२२ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या आमदारांनी विधानभवनात दोन आठवड्यांच्या अंतराने दोन महत्त्वाची मतदाने केली. ४ जुलैला एकनाथ शिंदे सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव होता. कळमनुरीचे शिवसेना आमदार संतोष बांगर आदल्या दिवशी, विधानसभा अध्यक्षांच्या निवडणुकीत, ठाकरे गटासोबत होते. ४ जुलैला त्यांनी शिंदेंच्या बाजूने मत दिले. सभागृहातली मोजणी उघड असल्याने काही मिनिटांत ही बातमी कळमनुरीत पोहोचली. १८ जुलैला त्याच इमारतीत राष्ट्रपतिपदासाठी मतदान झाले. त्या दिवशी जिल्ह्यातल्या कोणत्या आमदाराने कुणाच्या नावापुढे १ लिहिला, हे सांगणारा एकही सरकारी कागद नाही आणि पुढेही निघणार नाही.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षाला दिलेला शब्द मोडणारे मतदार हा विषय समजून घ्यायचा, तर या दोन मतदानांतला फरक आधी पाहावा लागतो. शब्द मोडला की काय होते, हे मोडणाऱ्याच्या हेतूपेक्षा मत उघड होते की गुप्त आणि त्यावर व्हीप (पक्षाचा आदेश) चालत होता की नाही, यावरच ठरते.

राष्ट्रपती निवडतो कोण

राज्यघटनेच्या ५४ व्या कलमानुसार राष्ट्रपतींची निवड एक निर्वाचक मंडळ करते. लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले सदस्य, राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य आणि दिल्ली व पुदुच्चेरीचे आमदार या मंडळात असतात. नामनियुक्त खासदारांना मत नाही. विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीचे गणित वेगळे. तिथे फक्त खासदार मत देतात आणि त्यात नामनियुक्तही असतात.

प्रत्येक मताला मूल्य असते. राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या विधानसभेच्या जागांनी भागायची, आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने भागायचे, की एका आमदाराच्या मताचे मूल्य मिळते. महाराष्ट्रासाठी ते १७५ येते. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, सिक्कीमच्या आमदाराचे ७. २०२२ मध्ये एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते आणि सगळ्या मंडळाचे मिळून १०,८६,४३१.

आता हिंगोलीचा हिशोब मांडू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वसमत, कळमनुरी आणि हिंगोली असे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. तीन आमदारांचे मिळून मतमूल्य ५२५ होते. लोकसभा मतदारसंघ धरला तर त्यात उमरखेड, किनवट आणि हदगाव हे शेजारच्या यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतले तीन मतदारसंघही येतात. सहा आमदारांचे १,०५० आणि खासदाराचे ७०० मिळून १,७५० होतात. दहा लाखांच्या पुढच्या बेरजेत हा आकडा लहान दिसतो. पण १९६९ मध्ये विजयी उमेदवार जिंकण्याच्या कोट्यापेक्षा जवळपास एवढ्याच मूल्याने पुढे होता. त्याकडे पुढे येऊ.

मतपत्रिका आणि जांभळी शाई

ही निवडणूक मतदान यंत्रावर होत नाही. खासदारांना हिरवी मतपत्रिका मिळते, आमदारांना गुलाबी. मतपत्रिकेवर दोनच रकाने असतात. एकात उमेदवाराचे नाव, दुसऱ्यात पसंतीक्रम. मतदाराने आपल्या पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ हा अंक लिहायचा आणि हवे तर दुसऱ्यापुढे २, तिसऱ्यापुढे ३. अंक देवनागरी, रोमन किंवा अन्य भारतीय लिपीतला चालतो, पण तो अक्षरांत लिहिला की मत बाद. लिहायला निवडणूक आयोग स्वतःची जांभळ्या शाईची लेखणी देतो. खिशातला पेन काढून लिहिले, तरी मत बाद.

आमदार आपापल्या राज्याच्या विधानभवनात मत देतात आणि मतपेट्या विमानाने दिल्लीला जातात. २०२२ मध्ये या पेट्यांसाठी विमानात प्रवाशासारखे तिकीट काढून वेगळी जागा घेतली होती. मोजणी संसद भवनात होते.

या प्रक्रियेचा कणा ५५ व्या कलमात आहे. पसंतीक्रमाची पद्धत आणि गुप्त मतदान, या दोन्ही गोष्टी घटनेनेच घालून दिल्या आहेत. म्हणून गुप्तता हा मतदाराचा अधिकार आहे, तसे त्याच्यावरचे बंधनही आहे. २०१२ मध्ये मुलायमसिंह यादव यांनी आधी एका उमेदवारापुढे खूण केली, मग ती मतपत्रिका फाडून दुसरी मागून घेतली. निवडणूक आयोगाने त्यांचे मत बाद ठरवले.

व्हीप इथे का चालत नाही

१९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि पक्षांतरबंदी लागू झाली. सभागृहातल्या मतदानात पक्षाचा आदेश मोडणाऱ्या आमदार-खासदाराचे सदस्यत्व त्यामुळे जाऊ शकते. पण हे परिशिष्ट सभागृहाच्या कामकाजाला लागू आहे. राष्ट्रपतिपदासाठीचे मतदान विधानभवनात होत असले, तरी ते सभागृहाचे कामकाज नाही. त्या दिवशी आमदार हा निर्वाचक मंडळाचा मतदार असतो. त्यामुळे या निवडणुकीत पक्षाला व्हीप काढता येत नाही, सदस्य मनाप्रमाणे मत देऊ शकतो आणि मत न देण्याचीही त्याला मुभा आहे, हे निवडणूक आयोगाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. पक्ष विनंती करू शकतो, बैठक बोलावू शकतो, मतपत्रिका कशी भरायची याचा सराव घेऊ शकतो. त्यापुढे त्याचा हात पोहोचत नाही.

पैसे घेऊन मत देणे मात्र या मोकळीकीत बसत नाही. १९५२ च्या राष्ट्रपती व उपराष्ट्रपती निवडणूक कायद्यानुसार लाच किंवा गैरवाजवी दडपण सिद्ध झाले, तर निवडणूकच रद्द होऊ शकते. तशी याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात करावी लागते. ती उमेदवाराला करता येते किंवा किमान २० निर्वाचकांना एकत्र येऊन.

गावाकडून दिल्लीकडे जाताना

मराठवाड्यातल्या वाचकाला व्हीप हा शब्द नवा नाही. जिल्हा परिषद अध्यक्षाच्या निवडणुकीआधी सदस्य 'सहलीला' जातात, गटनेता व्हीप बजावतो आणि मतदानाच्या दिवशी गाड्या थेट सभागृहाच्या दारात येऊन थांबतात. त्याचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ या कायद्याने जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगरपरिषदेतला व्हीप सक्तीचा केला आहे. अध्यक्षाची निवड हात वर करून होते आणि कुणाचा हात कुणासाठी वर गेला, ते सगळ्यांना दिसते.

बीड जिल्हा परिषदेत २०१७ मध्ये याचा प्रत्यय आला. राष्ट्रवादी काँग्रेसचे सदस्य सर्वाधिक असताना सुरेश धस यांचे समर्थक सदस्य भाजपच्या बाजूने गेले आणि भाजपच्या सविता गोल्हार अध्यक्ष झाल्या. व्हीप मोडणाऱ्या सदस्यांना जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवले. पुढे ते प्रकरण न्यायालयात गेले.

या पायरीवरून वर निघालो की बंधन सैल होत जाते.

विधानसभेतल्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान उघड असते आणि व्हीप लागू असतो. इथे शब्द मोडला तर अपात्रतेची याचिका अध्यक्षांपुढे जाते. जून-जुलै २०२२ च्या सत्तांतरानंतर मूळ प्रश्न व्हीप नेमका कुणाचा, हाच होऊन बसला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिवसेनेच्या ठाकरे आणि शिंदे या दोन्ही गटांपैकी कुणालाच अपात्र ठरवले नाही.

राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून मगच पेटीत टाकावी लागते. तरीही विरोधात मत दिले म्हणून पक्षांतरबंदीखाली सदस्यत्व जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कुलदीप नायर खटल्यात सांगितले. मत दाखवण्याच्या पद्धतीचे नियमही कडक आहेत. १० जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत नांदगावचे शिवसेना आमदार सुहास कांदे यांचे मत याच कारणावरून बाद झाले. त्या निवडणुकीत भाजपचे धनंजय महाडिक विजयी झाले आणि शिवसेनेचे संजय पवार हरले.

विधान परिषदेच्या निवडणुकीत मत गुप्त असते. प्रतिनिधीला दाखवायची तरतूदही तिथे नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तर गुप्तता घटनेतच आहे आणि व्हीपला मज्जाव आहे.

पद जितके मोठे, मतदार तितका मोकळा, अशी ही रचना झाली आहे. पंचायत समितीच्या सभापतीसाठी हात वर करणाऱ्या सदस्याला जे धाडस महागात पडते, तेच देशाच्या प्रथम नागरिकाची निवड करणाऱ्या आमदाराला कायद्याच्या दृष्टीने फुकट असते.

हिंगोलीच्या आसपास फुटलेली मते

निवडून आलेल्या लोकांनी पुढच्या पदासाठी मतदान करायचे आणि त्यात मते फुटायची, हे हिंगोली जिल्ह्याने जवळून पाहिले आहे.

परभणी-हिंगोली स्थानिक स्वराज्य संस्था हा विधान परिषदेचा मतदारसंघ आहे. दोन्ही जिल्ह्यांतले जिल्हा परिषद सदस्य, नगरसेवक आणि परभणी महापालिकेचे नगरसेवक त्याचे मतदार. मे २०१८ च्या निवडणुकीत काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीकडे सदस्यसंख्या जास्त होती. तरीही शिवसेनेचे विप्लव बाजोरिया जिंकले आणि काँग्रेसचे सुरेश देशमुख हरले. मते फुटल्याशिवाय असा निकाल लागणे शक्य नव्हते. पण मतदान गुप्त होते. ज्या सदस्यांवर जिल्हा परिषदेत हात वर करताना व्हीपचे बंधन होते, त्यांच्यावर इथे कायद्याचे काहीच चालले नाही.

दुसरा प्रसंग १२ जुलै २०२४ चा. विधानसभेच्या आमदारांकडून विधान परिषदेच्या ११ जागा भरायच्या होत्या आणि उमेदवार होते १२. काँग्रेसने कळमनुरीच्या डॉ. प्रज्ञा सातव यांना उमेदवारी दिली होती. हिंगोलीचे माजी खासदार राजीव सातव यांच्या त्या पत्नी. जिंकायला २३ मते लागत होती. काँग्रेसचे आमदार ३७. पक्षाने सातव यांना भरपूर मते ठेवून उरलेली आघाडीच्या दुसऱ्या उमेदवाराकडे वळवायचे ठरवले होते. सातव यांना पहिल्या पसंतीची २५ मते मिळाली आणि त्या निवडून आल्या. उरलेल्या मतांचा हिशोब मात्र जुळेना. शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील १२ मतांवर अडकले आणि हरले. काँग्रेसची किमान सात मते फुटल्याचे गणित दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मांडले गेले.

म्हणजे हिंगोलीच्या उमेदवार सुखरूप पोहोचल्या आणि फटका बसला तो रायगडच्या उमेदवाराला. पसंतीक्रमाच्या निवडणुकीत असे नेहमी होते. मत एका पक्षाचे फुटते आणि पडतो दुसऱ्याच पक्षाचा माणूस.

१९६९: पंतप्रधानांनीच पक्षाचा उमेदवार पाडला

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतली सगळ्यांत मोठी फूट ऑगस्ट १९६९ मधली. त्यात मराठी माणसांचाही मोठा वाटा होता.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. पंतप्रधान इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले, पण बहुमत नीलम संजीव रेड्डी यांच्याकडे गेले. त्या बहुमतात यशवंतराव चव्हाणही होते. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर इंदिराजींची सही होती. पुढच्या काही दिवसांत त्यांनी मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले आणि १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. प्रभारी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष म्हणून अर्ज भरला.

काँग्रेस अध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांनी रेड्डींना दुसऱ्या पसंतीची मते मिळावीत म्हणून स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाशी बोलणी केली. इंदिरा गटाला तेवढेच निमित्त पुरले. रेड्डींसाठी व्हीप काढावा, ही निजलिंगप्पांची मागणी इंदिराजींनी फेटाळली आणि काँग्रेसच्या खासदार-आमदारांना अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्यायला सांगितले. पक्षांतरबंदी कायदा तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचे उमेदवार होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, म्हणून महाराष्ट्रात त्यांचे नाव आदराने घेतले जात होते. पक्षाचा शब्द आणि आपले मत यांत ओढाताण झाली, तेव्हा त्यांनी पद सोडले आणि तेही उघडपणे. १९६९ च्या गुप्त मतदानात फुटलेल्या काँग्रेसवाल्यांकडे असा हिशोब कुणी मागणार नव्हते.

मतदान १६ ऑगस्टला झाले, निकाल २० ऑगस्टला लागला. पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य असे होते: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला ४,१८,१६९ लागत होते आणि ते कुणाकडेच नव्हते. मग मागे पडलेल्या उमेदवारांना एकेक करून बाद करत त्यांची पुढच्या पसंतीची मते वाटली गेली. देशमुखांची मते मोकळी झाल्यावर त्यांतली बरीचशी रेड्डींकडे गेली, पण पुरेशी नाही. अखेरचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा राहिला.

आवश्यक कोट्यापेक्षा गिरींकडे जास्त होते ते फक्त १,९०८. तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. म्हणजे चार खासदारांची मतेही त्यात मावत नव्हती. आजच्या हिंगोली लोकसभा मतदारसंघाच्या १,७५० या मतमूल्याच्या जवळपास जाणारा तो फरक.

फुटलेल्यांवर कारवाईची भाषा झाली, पण कुणी कुणाला मत दिले हे सिद्ध करणार कसे? भांडण मतपत्रिकेवरून पक्षावर गेले. नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली आणि पक्ष दुभंगला. बंगळूरला रेड्डींच्या बाजूने मत देणारे चव्हाण त्या दुभंगात इंदिराजींसोबत राहिले. गिरींच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. रेड्डींची बदनामी करणारे पत्रक मतदारांमध्ये वाटले गेल्याचा मुद्दा त्यात होता. राष्ट्रपतिपदावर असताना गिरी स्वतः न्यायालयात साक्षीला हजर राहिले. १९७० मध्ये ती याचिका फेटाळली गेली.

पक्षच बाजू बदलतो तेव्हा

सगळी फूट चोरून होत नाही. २००७ मध्ये भाजप आघाडीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावत यांना होता. शिवसेना त्याच आघाडीत असूनही बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा जाहीर केला. २०१२ मध्ये सेनेने पुन्हा आघाडीबाहेर जाऊन प्रणव मुखर्जींना मते दिली. २०२२ मध्ये उद्धव ठाकरे महाविकास आघाडीत होते. काँग्रेस आणि राष्ट्रवादी यशवंत सिन्हांमागे असताना त्यांनी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला.

अशा वेळी आमदाराने कुणाचा शब्द मोडला असे म्हणायचे? पक्षाचा मुळीच नाही. आघाडीचा म्हणावा, तर पक्षानेच आघाडीबाहेरचा उमेदवार उघडपणे निवडला होता. त्यामुळे २०२२ मध्ये कळमनुरीच्या आमदारांपुढे, निदान या मतदानापुरता, पेच उरला नव्हता. ठाकरे आणि शिंदे या दोन्ही गटांचा उमेदवार एकच होता. हिंगोलीचे आमदार तान्हाजी मुटकुळे यांचा भाजप मुर्मूंच्या बाजूने होता आणि वसमतचे आमदार चंद्रकांत नवघरे यांची राष्ट्रवादी सिन्हांच्या. पक्षांच्या भूमिका एवढ्या सांगता येतात. प्रत्यक्ष मतपत्रिकेवर काय लिहिले गेले, ते कायद्यानेच झाकलेले आहे.

फूट मोजायची कशी

२१ जुलै २०२२ रोजी मोजणी झाली. मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि सिन्हा यांना ३,८०,१७७ मूल्याची मते मिळाली. विरोधी पक्षांचे सव्वाशेच्या आसपास आमदार आणि १७ खासदार मुर्मूंकडे वळल्याचा दावा निकालानंतर झाला.

हा आकडा येतो कुठून? मोजणी राज्यवार जाहीर होते. एखाद्या राज्यात उमेदवाराला पाठिंबा देणाऱ्या पक्षांचे संख्याबळ आधी माहीत असते. मिळालेली मते त्याहून जास्त भरली, तर तेवढी फूट झाली असे मानतात. आसामात हे ठळकपणे दिसले. १२६ आमदारांच्या विधानसभेत मुर्मूंना १०४ मते मिळाली, सिन्हांना २०. भाजप आघाडी आणि तिला साथ देणारे पक्ष यांच्या बेरजेपेक्षा वीसहून अधिक मते जास्त होती. तिथे फूट नाकारण्यात अर्थ नव्हता.

महाराष्ट्रात चित्र तितके स्वच्छ नव्हते. मुर्मूंना १८१ आमदारांची मते मिळाली, सिन्हांना ९८. भाजपचे १०६ आणि शिवसेनेचे ५५ मिळून १६१ होतात. वरची वीस मते कुणाची? त्यात अपक्ष होते, लहान पक्ष होते आणि महाविकास आघाडीतलेही कुणी असू शकतात. आघाडीची सोळाएक मते फुटली, असा आकडा तेव्हा बातम्यांत फिरला. पण अपक्षांपैकी किती जणांना आघाडीचे धरायचे, यावर तो आकडा वर-खाली होतो.

स्वतःहून सांगणारेही असतात. ओडिशातले काँग्रेस आमदार मोहम्मद मुकिम यांनी आपण मुर्मूंना मत दिल्याचे मतदानाच्या दिवशीच जाहीर केले. त्यांच्यावर पक्षांतरबंदीचा बडगा येण्याचा प्रश्नच नव्हता. पक्षाला कारवाई करायची तर ती पक्षांतर्गतच.

आणखी एक वाट बाद मतांची. २०१७ मध्ये ७७ मते बाद झाली, २०२२ मध्ये ५३. आयुष्यभर निवडणुका लढवणाऱ्या माणसांना १ लिहिता येत नसेल, हे पटणे कठीण आहे. काही मते खरोखर चुकून बाद होत असतील. पण दोन्ही बाजूंना न दुखावता सुटायचे असेल, तर ही वाट सोयीची आहे. कोणती चूक होती आणि कोणती सोय, हेही कळायला मार्ग नाही.

अमेरिकेतला शब्द वेगळा

अमेरिकेत अध्यक्षपदाचे मतदान लोक करतात, पण औपचारिक निवड ५३८ निर्वाचकांकडून होते. बहुमताला २७० लागतात. हे निर्वाचक खासदार नसतात. त्यांचे काम एकच, आपल्या राज्यात जिंकलेल्या उमेदवाराला मत देणे. पुष्कळ राज्यांत ते तशी प्रतिज्ञा करतात. तरीही प्रतिज्ञा मोडणारे निघतात. १७९६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे सॅम्युअल माइल्स फेडरलिस्ट पक्षाकडून निवडले गेले होते, पण त्यांनी थॉमस जेफरसनना मत दिले. शब्द मोडणारे पहिले निर्वाचक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

२०१६ मध्ये सात निर्वाचकांची मते ठरलेल्या उमेदवाराऐवजी दुसऱ्याला गेली. त्यांतले पाच हिलरी क्लिंटन यांच्या बाजूचे होते आणि दोन डोनाल्ड ट्रम्प यांच्या. निकाल बदलला नाही. वॉशिंग्टन राज्याने प्रतिज्ञा मोडणाऱ्या आपल्या निर्वाचकांना प्रत्येकी १,००० डॉलर दंड केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ जुलै २०२० रोजी चियाफालो खटल्यात न्यायालयाने एकमताने निकाल दिला. राज्यांना निर्वाचकाला त्याच्या प्रतिज्ञेला बांधून ठेवता येते आणि मोडल्यास शिक्षाही करता येते.

दोन देशांतला फरक इथे आहे. अमेरिकेतला निर्वाचक लोकांनी आधीच दिलेला कौल पुढे पोहोचवतो. त्याने तो बदलला, तर मतदाराचे मत हरवते. हिंगोलीच्या मतदाराने राष्ट्रपतिपदाबद्दल कोणताही कौल दिलेला नसतो. विधानसभेच्या प्रचारात सोयाबीनचा भाव, हळदीची बाजारपेठ, सिंचन यांवर भाषणे होतात. राष्ट्रपती कुणाला करणार, असे उमेदवाराला कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. त्यामुळे आमदाराने 'शब्द मोडला' असे आपण म्हणतो, तेव्हा तो शब्द पक्षाला दिलेला असतो. मतदाराला दिलेला असा शब्दच नसतो.

मोकळीक कुणासाठी

मतदान गुप्त ठेवण्याच्या बाजूने सबळ कारण आहे. राष्ट्रपती हा कोणत्याही एका पक्षाचा नसावा, तर त्याला निवडणाऱ्यावर पक्षनेत्याचा डोळा नसलेला बरा. त्याच पडद्याआड घोडेबाजारही होऊ शकतो, हा आक्षेपही तितकाच खरा आहे. राज्यसभेबाबत २००३ मध्ये उघड मतदान आणले गेले, ते याच आक्षेपापायी. राष्ट्रपतिपदासाठी तसे करायचे तर घटनादुरुस्ती लागेल. शिवाय त्यातून पक्षाला मत दिसेल. मतदाराला ते दिसेलच असे नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत मतपत्रिका पाहतो तो पक्षाचा प्रतिनिधीच.

माझ्या मते दोष गुप्ततेत नाही. मतदानाआधी आमदाराने आपली भूमिका लोकांपुढे मांडायची पद्धतच आपल्याकडे नाही, हे उणे आहे. मतपत्रिका झाकलेली राहो. पण कोणत्या उमेदवाराला मी योग्य समजतो आणि का, हे सांगायला आमदाराला कायदा आडवा येत नाही. पक्षाच्या आदेशाने मत देणार असेल तर तसे म्हणावे, स्वतःच्या मताने देणार असेल तर तेही म्हणावे. मुकिम यांनी मतदानाच्या दिवशी सांगितले. ते आधीही सांगता येते.

राष्ट्रपती मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते आणि त्याआधी निवडणूक घ्यावी लागेल. हिंगोली, वसमत आणि कळमनुरीतून मुटकुळे, नवघरे आणि बांगर हे तिघेही २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. या विधानसभेची मुदत २०२९ पर्यंत आहे. २०२६ नंतरच्या जनगणनेचे आकडे तोवर प्रसिद्ध झाले नाहीत, तर जिल्ह्याच्या हाती तेच ५२५ मतमूल्य राहील. तेव्हा गावात सभेला आलेल्या आमदाराला रस्ता आणि पीकविमा यांच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा: राष्ट्रपतिपदासाठी तुमची पसंती कुणाला आणि का? त्याने चारचौघांत उत्तर दिले, की जिल्ह्यातल्या मतदाराला दिलेला शब्द पहिल्यांदा तयार होईल. तो पुढे मोडला गेला, तर तक्रार करण्याचा हक्क पक्षाच्या आधी त्या मतदाराचा असेल.